मढवी सिस्टरांची हजेरी

माणसाचं यकृत उजव्या बाजूला असतं हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दहा जणांच्या देखत कळलं. मी ते डावीकडे लावलं होतं, आणि लावून झाल्यावर कौतुकाच्या अपेक्षेने मागे वळून बघितलं होतं.

"लेले," मढवी सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पेशंट गेला. घरच्यांना बोलवा."

पेशंट म्हणजे एक चादर होती. डबलबेडची, मळखाऊ रंगाची. तिच्यावर सिस्टरांनी काळ्या दोऱ्याने पुरुषभर उंचीची माणसाची आकृती शिवली होती आणि अवयव टिचबटणांनी लावायची सोय केली होती. फुप्फुसं गादीवाल्याकडच्या गुलाबी फोमची. यकृत मरून ब्लाउजपीसचं, आत कापूस. लहान आतडं म्हणजे कपडे वाळत घालायची पिवळी नायलॉनची दोरी, मोजून सहा मीटर. ती त्या पोटात बसवताना माणसाला नम्रता येते.

"तो तुझ्याकडे तोंड करून उभा आहे ना? मग त्याचा उजवा तो उजवा. तुझा कोण विचारतोय? बाजू नेहमी पेशंटची."

सिस्टर जाऊन आता दोन वर्षं होतील. पण अजूनही कोणाचं पोट दुखतंय म्हटलं की मी आधी मनातल्या मनात त्याच्या जागी जाऊन उभा राहतो, डावं-उजवं ठरवतो, आणि मगच तोंड उघडतो. एवढ्याशा कामाला मला चार सेकंद लागतात. लोकांना वाटतं मी गंभीर स्वभावाचा आहे.

मी तिथे पोचलो कसा ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासनीस होतो. बाटल्यांची झाकणं करणारी यंत्रं. दर तासाला त्यांच्या दाबाचा काटा बघायचा आणि तक्त्यात आकडा लिहायचा. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. तीन महिन्यांनी आमच्या हिने भाजीच्या पिशवीतून एक कागद काढून समोर ठेवला: रुग्णसेवकांचा सहा महिन्यांचा वर्ग, डोंबिवली पूर्व, वयाची अट नाही. "नोकरी लागेल न लागेल," ती म्हणाली, "निदान माझ्या आजारपणात ग्लासभर पाणी तरी नीट द्याल."

वर्ग पहिल्या मजल्यावर होता आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू झाली की फळा, बाकं, चादरीवरचा माणूस आणि त्याची सगळी आतडी थरथरायची. आम्ही अकरा जण. आणि समोर मढवी सिस्टर: ठेंगण्या, रुंद, पांढऱ्या साडीला छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. माहेर खाडीकाठच्या गावातलं, वडील मिठागरावर कामाला. वर्गात शुद्ध बोलायच्या. पण राग आला किंवा माया आली की गावची बोली वर यायची, आणि दोन्ही वेळा शब्द साधारण तेच असल्यामुळे नक्की काय आलंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं. मला पहिल्या दिवशी 'तुम्ही' म्हणाल्या. यकृतानंतर 'तू'.

त्यांची एक पद्धत होती. हजेरी त्या नावाने घेत नसत. शरीरातल्या संस्था मोजल्या तर अकरा, आम्हीही अकरा. मग प्रत्येकाला एक संस्था वाटून दिलेली, आणि सहा महिने तेच तुमचं नाव. त्वचा, हाडं, स्नायू अशी बाहेरून आत हजेरी जायची. रंजनाताई केणी नावाच्या, कोळीवाड्यात मासळीची पाटी सांभाळून गुडघे झिजवलेल्या बाई होत्या, त्यांच्याकडे हृदय आणि रक्ताभिसरण. माझ्याकडे मूत्रसंस्था. "अरे मूत्रसंस्था, फळा पूस" असं मला सगळ्यांसमोर म्हटलं जाई, आणि मी उठून पुसत असे.

हजेरीत नुसतं 'हजर' चालायचं नाही. सकाळपासून आपल्या संस्थेने काय काम केलं ते सांगायचं. पहिल्याच दिवशी माझ्यातला विनोदवीर जागा झाला.

"मूत्रसंस्था?"

"हजर, सिस्टर. सकाळपासून दोनदा."

वर्ग हसायच्या बेतात होता. सिस्टर हसल्या नाहीत. वहीतून मानही वर न करता म्हणाल्या, "रंग?"

मग वर्ग असा हसला, की खालच्या गिरणीवाल्याने वर येऊन काय झालं म्हणून विचारलं. मी आजतागायत रंग बघतो.

आणि शेवटी एक प्रश्न प्रत्येकाला ठरलेला: "तुझं काम अडलं तर कोणाच्या दारात जाशील?" मूत्रपिंडाने म्हणायचं, हृदयाच्या दारात, त्याने रक्त ढकललंच नाही तर मी गाळू काय? हृदयाने म्हणायचं, फुप्फुसांच्या. असं करत करत सगळे एकमेकांच्या दारात जाऊन यायचे. "एकटं कोण आजारी पडत नाही," सिस्टर म्हणायच्या. "एक बसला की बाकीचे त्याचं ओझं उचलतात, आणि हूं की चूं करत नाहीत. म्हणून तर उशिरा कळतं."

मी हे वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. सुवाच्य लिहिण्यात मला कारखान्यात बक्षीस मिळालं होतं.

सरावासाठी एक रबरी पुतळा होता. त्याला सगळे 'जावई' म्हणत, कारण तो दिवसभर नुसता पडून असायचा आणि बाकीचे त्याची उठबस करायचे. एकदा सिस्टरांनी मला जावयाची नाडी बघायला सांगितली. बोटं कुठे ठेवायची एवढंच बघायचं होतं. मी त्याचं मनगट अंगठ्याने दाबलं. आणि काय सांगू, लागली की हो! ठक ठक ठक. मी खुशीत जाहीर केलं, "बहात्तर!"

"अभिनंदन," सिस्टर म्हणाल्या. "जावयात जीव आला. आता मानपान काढा."

अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठ्याने दुसऱ्याची बघायला गेलं की आपलीच मोजली जाते. म्हणून तीन बोटं. हे सगळ्यांना समजावून झालं, हसून झालं, वर्ग सुटला. मी चादर घडी करत होतो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "लेले, आपली का होईना, मोजलीस तरी का?"

"म्हणजे?"

"घड्याळाकडे बघितलंच नाहीस तू. बहात्तर कुठून आणलेस?"

पुस्तकातून आणले होते. आणि मग का कोण जाणे, मी त्यांना कारखान्यातलं सांगून टाकलं, जे हिलाही सांगितलं नव्हतं. दर शनिवारी दुपारी चहा पिता पिता मी पुढच्या आख्ख्या आठवड्याचे आकडे तक्त्यात भरून ठेवायचो. थोडे वर, थोडे खाली, खरे वाटतील असे. बावीस वर्षं. बक्षीस त्याच तक्त्यांना मिळालं होतं.

मला वाटलं आता गावची बोली येणार. सिस्टर बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मी पण केलंय एकदा. नवीन होते. दमले होते. एका बाईचा ताप न बघताच लिहिला. नव्व्याण्णव."

"मग?"

"वाचली बाई. पण ती वाचली यात माझं काही नव्हतं." मग म्हणाल्या, "चुकीचा आकडा लिहिलास तरी चालेल मला. पण मोजून लिही. आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. पेशंटला घाबरवायचं नाही, आणि आकडा बदलायचा नाही. बस."

शिक्षा म्हणून महिनाभर रोज दहा माणसांची नाडी मोजायची होती. मी शेजारी मोजले, रिक्षावाले मोजले, गिरणीवाला मोजला. गिरणी चालू असताना त्याची एकशे चाळीस भरली आणि मी त्याला आडवं व्हायला सांगितलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

"मग सिस्टर, अंगठ्याला कामच नाही?" असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"आहे ना. सूज बघायची. त्याला अंगठाच लागतो." आणि त्यांनी सरळ स्वतःचा डावा पाय स्टुलावर ठेवला, साडी घोट्यापर्यंत वर घेतली. "ये. इथे हाडावर दाब. दहा सेकंद. आता सोड. खड्डा पडला? भरायला किती लागतात मोज."

मी उलट्या घड्याळात बघून इमानदारीत मोजले. "सात."

"शाब्बास. पुढचा."

आम्ही अकरा जण रांग लावून मढवी सिस्टरांचा पाय दाबून गेलो. सगळ्यांचे सहा ते आठच्या मध्ये आले. सिस्टर खूश. "बघा, मोजलं की जमतं." रंजनाताई तेवढ्या म्हणाल्या, "सिस्टर, उभं राहून राहून झालंय हे." "हो गं," सिस्टर म्हणाल्या, आणि पुढचा धडा सुरू झाला.

पुढचे धडेही असेच. श्वसनाचा आला तेव्हा त्यांनी एक लांबलचक वाक्य म्हटलं आणि विचारलं, "मी मध्ये किती वेळा थांबले?" आम्ही म्हणालो, तीनदा. "बरोबर. लिहा." झोपेचं आलं तेव्हा म्हणाल्या, "समजा एक बाई आहे. आडवी झाली की दम लागतो. आधी एक उशी, मग दोन, आता खुर्चीतच झोपते. लिहा." आम्ही लिहिलं. त्यांच्या पायातले पांढरे बंद बूट जाऊन रबरी सपाता आल्या, त्याही पुरुषी मापाच्या. माझ्या लक्षात आलं. म्हणजे मी इतकंच म्हणालो, "सिस्टर, सुटसुटीत!"

आणि माझा खास हातभार निराळाच. बहात्तरच्या प्रकरणानंतर त्यांचं मन जिंकावं म्हणून मी दर सोमवारी त्यांना घरची लोणच्याची बरणी नेत होतो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची, त्याच्या कडेला त्या माझ्या लोणच्याची फोड ठेवायच्या. "मिठागरावरची पोर मी," म्हणायच्या, "मला खारट लागतच नाही काही." मी पुढच्या वेळी मोठी बरणी नेली.

परीक्षा गुरुवारी होती. आदल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हिने माझी वही घेतली आणि उजळणीला बसली. प्रत्येक संस्थेच्या शेवटी सिस्टरांनी एकेक पेशंट लिहायला सांगितला होता, लक्षणं वाचून दाखवली की मी संस्था ओळखायची. ही वाचायला लागली.

"बाई, वय चौसष्ट. पाय सुजतात, खड्डा सात सेकंद."

"रक्ताभिसरण."

"बाई, चौसष्ट. वाक्य पुरं होईतो तीनदा थांबते."

"श्वसन."

"बाई, चौसष्ट. जेवण जात नाही, दोन घासांत पोट भरतं."

"पचन! आहे की नाही?"

"बाई, चौसष्ट. दिवसा लघवी कमी." ही थांबली. दोन पानं मागे गेली, दोन पुढे. "अहो, ही सगळीकडे एकच बाई दिसतेय. कोण आहे ही?"

"कोणी नाही गं. उदाहरण आहे."

"असं? मग बिचारीला कोणी दवाखान्यात नेलं की नाही?"

मी तिच्या हातून वही घेतली. सहा महिने मी त्या बाईसमोर बसलो होतो. तिच्या पायावर अंगठा ठेवून आकडा मोजला होता, शाबासकी घेतली होती, आणि घरी येऊन जेवलो होतो. आणि जिने तिला एकदाही पाहिलं नव्हतं, तिने दहा मिनिटांत ओळखलं.

मी रंजनाताईंना फोन लावला. त्या पलीकडून एवढंच म्हणाल्या, "अगो बाय माझे." मग, "रिक्षा करा. मी फाटकापाशी उभी ऱ्हाते."

सिस्टरांचं घर म्हणजे चौदा मजली इमारतींच्या मधे उरलेलं एक कौलारू घर. जमीन भावकीने केव्हाच बिल्डरला दिली होती, या मात्र हलल्या नव्हत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दार उघडंच होतं. त्या पडवीत खुर्चीत बसल्या होत्या, पाठीशी उशी, समोर पेपरांचा गठ्ठा. आम्हाला बघून आधी आनंद झाला. मग माझ्या हातातली वही दिसली.

"उजळणी आपापल्या घरी करायची."

"सिस्टर, हजेरी घ्यायचीय," मी म्हणालो. "श्वसन?"

"लेले, फाजीलपणा पुरे."

"श्वसन तीनदा थांबतंय. पचन दोन घास. माझी संस्था दिवसा काम करत नाही." मी वही पुढे धरली. "कोणाच्या दारात जायचं, सिस्टर?"

त्यांनी वही घेतली. चष्मा लावला. स्वतःच सांगितलेलं, माझ्या सुवाच्य अक्षरातलं, पानामागून पान वाचत गेल्या. बाहेर कुठल्याशा इमारतीचं लोखंड कापायचा आवाज येत होता.

"एकेक सुटं ठाऊक होतं रे," त्या म्हणाल्या. "बेरीज नाय केली."

"म्हणजे मुद्दाम नाही केली," रंजनाताई म्हणाल्या. "मना सांगू नका. मी पन नवऱ्याच्या वेळी नव्हती केली."

"गुरुवारी परीक्षा होऊ दे. शुक्रवारी जाते. अकरा जणांचे सहा महिने आहेत."

"मग नाय देत आम्ही परीक्षा," रंजनाताई खाली बसल्याच, गुडघे धरून, पाटी टाकून बसावं तशा. "हृदय गैरहजर. बसा घेऊन दहा जणांना."

माझी नोकरी त्या परीक्षेवर होती. घरातलं सोनं मोडून झालं होतं. तरी मीही रंजनाताईंच्या शेजारी फरशीवर बसलो. "मूत्रसंस्था पण गैरहजर," मी म्हणालो.

सिस्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग खुर्चीचे हात धरून उठल्या. "थोरा दम खावा," म्हणाल्या, "लुगरं बदलून येते." राग होता की माया, ते त्या दिवशीही चेहऱ्यावरूनच ओळखावं लागलं.

हृदय थकलं होतं, ढकलायला कमी पडत होतं, आणि पाणी अंगात साठत होतं. आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. अंगातलं पाणी काढायची गोळी सुरू झाली. "तुझ्या संस्थेची आहे," त्या मला म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास ठेवावा लागणार." मीठ जवळजवळ बंद. ते ऐकून पलंगावर पडल्या पडल्या इतक्या हसल्या की नर्सने येऊन दटावलं. "बापाने जन्मभर मीठ पिकवलं, पायाला भेगा पडल्या त्याच्या. आणि पोरीला चिमूटभर नाय!" घरी गेल्यावर माझ्या सगळ्या बरण्या धुऊन, पुसून परत आल्या. एका बरणीत चिठ्ठी होती: 'मारेकरी लेले यांस, सप्रेम परत.'

परीक्षा त्यांच्याशिवाय झाली. आम्ही पेपराआधी आपली आपणच हजेरी घेतली आणि अकराही पास झालो. जावयाची नाडी मला पुन्हा विचारली गेली. मी तीन बोटं ठेवली, मिनिटभर घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "शून्य." परीक्षक म्हणाले, इतक्या वर्षांत असं उत्तर देणारे तुम्ही पहिलेच.

मला ठाण्यात एका रुग्णालयात काम लागलं. सिस्टरांनी वर्ग पुन्हा सुरू केला, पण खुर्चीत बसून, आणि पाय दाबायला देणं बंद. महिन्यातून एकदा मी घरी जाऊन दाबायचो. खड्डा पडत नसे. "कोरा कागद," त्या म्हणायच्या.

मग एक सकाळ. कामाची पाळी सुरू व्हायला अवकाश होता, मी खोपटच्या एसटी डेपोत चहा घेत होतो, तर समोरच्या बाकावर मढवी सिस्टर. मांडीवर पिशवी. नगरकडे दिलेल्या भाचीचं डोहाळजेवण होतं, तिकडे निघालेल्या. पायात त्याच रबरी सपाता.

"बरा सापडलास," म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पाय पुढे केला.

मी गणवेशातच खाली बसलो आणि अंगठा ठेवला. शेजारी बसलेल्या आजी भारावून आपल्या नातीला म्हणाल्या, "बघ, आजकाल कोण वाकतं गं असं?" मी दहा मोजून अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. एक. दोन. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या, छातीवरचं उलटं घड्याळ हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या. तीन. चार. बस फलाटाला लागली, लोक उठले. पाच. मला फार वाटलं, की दोन म्हणावं. दोन हा चांगला आकडा आहे. दोनला माणूस डोहाळजेवणाला जाऊन परत येऊ शकतो. मी बावीस वर्षं असे आकडे लिहिले आहेत.

"किती?"

"नऊ, सिस्टर."

त्यांनी घड्याळ सोडलं. "माझे पण नऊच," म्हणाल्या. मग पिशवी माझ्याकडे दिली, भाचीला फोन केला, सांगितलं की लाडू पाठवते, आज जमत नाही. "कोणाच्या दारात जायचं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, आमच्या. आणि रिक्षा बोलावली.

रुग्णालयाच्या दारातच चाकाची खुर्ची आणली. मी कागद भरायला थांबलो, एक नवीन शिकाऊ नर्स त्यांना वर घेऊन निघाली. मुलगी घाबरलेली होती. लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या तिने पेशंटचं मनगट हातात घेतलं, चांगलं घट्ट. दार सरकायला लागलं. मी टेबलापाशी पेन घेऊन उभा होतो, आणि मला त्या उरलेल्या फटीतून सिस्टरांची पांढरी साडी, उलटं घड्याळ आणि त्या मुलीकडे वर केलेला चेहरा दिसला.

"अंगठा काढ गं बाय," सिस्टर म्हणत होत्या. "तुझीच मोजशील."